एका अभ्यासाचे दोन निकाल: प्रोस्टेटचा एमआरआय, यंत्र आणि देखरेखीवरचा रुग्ण

‘द लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात २०२४ साली प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, कॅन्सरवर एक मोठा अभ्यास छापून आला. त्याचं नाव ‘पाय-काय’. नेदरलँड्समधल्या नायमेखन शहरात राडबाउड विद्यापीठाचं वैद्यकीय केंद्र आहे, तिथून तो चालवला गेला. अनिंदो साहा हे पहिले लेखक. त्यातला एक निकाल बातमीत चटकन बसणारा आहे: एमआरआय वाचून कॅन्सर ओळखण्यात यंत्राला, म्हणजे एआयच्या संगणकप्रणालीला, गुण ०.९१, ६२ रेडिओलॉजिस्टांची सरासरी ०.८६. दुसरा निकाल त्याच निबंधाच्या सारांशात, जरा खाली आहे. रुग्णालयांच्या रोजच्या कामात डॉक्टरांनी जे वाचन केलं होतं त्याच्याशी यंत्राला ताडून पाहिलं, तेव्हा ते ‘किमान डॉक्टरांपेक्षा कमी तरी नाही’ एवढंही ठरलेल्या निकषावर सिद्ध झालं नाही.

दोन्ही निकाल खरे आहेत, आणि एकाच यंत्राचे आहेत. ज्याला कॅन्सर सापडलाय पण तूर्त उपचार न करता नुसती देखरेख ठेवायची ठरलंय, अशा माणसाच्या कामाची माहिती या दोन निकालांच्या मधल्या फटीत आहे, असं मला वाटतं.

देखरेखीची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण आपल्याकडे घरच्यांना ती पटवणं हाच निम्मा उपचार असतो. ‘कॅन्सर आहे आणि डॉक्टर म्हणतात सहा महिन्यांनी या?’ हा प्रश्न मुलगा विचारतो, जावई विचारतो, आणि शेवटी ‘काढूनच टाका, म्हणजे एकदाचे मोकळे’ इथे गाडी येते. पण या कॅन्सरचे सगळे प्रकार सारखे नसतात. बायोप्सीत मिळालेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याला ग्लीसन गुण देतात आणि त्यावरून १ ते ५ असे गट पाडतात. गट १ म्हणजे ग्लीसन ३+३, सगळ्यात सौम्य. हा बहुतेकांच्या आयुष्यात काही उपद्रव न करता पडून राहतो. गट २ पासून पुढे मात्र गंभीरपणे घ्यावं लागतं. उलट बाजूला शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा सुटणं, लैंगिक क्षमता जाणं, रेडिएशननंतर शौचाच्या तक्रारी हे परिणाम काहींना कायमचे चिकटतात. म्हणून कमी धोक्याच्या रुग्णाला आता जगभर सक्रिय देखरेख सुचवतात.

तिला आधार आहे ब्रिटनमधल्या ‘प्रोटेक्ट’ चाचणीचा. १,६४३ पुरुषांना यादृच्छिक पद्धतीने तीन गटांत विभागलं: देखरेख, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन. १५ वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा प्रोस्टेटच्या कॅन्सरने झालेले मृत्यू देखरेखीत ३.१ टक्के, शस्त्रक्रियेत २.२ टक्के आणि रेडिएशनमध्ये २.९ टक्के होते. म्हणजे जिवाचा प्रश्न तिन्हीकडे जवळपास सारखा. पण रोग शरीरात इतरत्र पसरण्याचं प्रमाण देखरेखीच्या गटात ९.४ टक्के निघालं, इतर दोन गटांत ४.७ आणि ५ टक्के. शिवाय देखरेखीने सुरुवात केलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांनी पुढे कधीतरी मोठा उपचार घेतलाच.

‘प्रोटेक्ट’मधली देखरेख मुख्यतः रक्तातल्या पीएसएच्या, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणाऱ्या एका प्रथिनाच्या, आकड्यावर चालली होती. एमआरआयने नियमित पाहण्याची पद्धत तेव्हा रुळली नव्हती. आज ती रुळली आहे. ब्रिटनची ‘नाइस’ ही संस्था पहिल्या वर्षी दर ३ ते ४ महिन्यांनी पीएसए आणि १२ ते १८ महिन्यांदरम्यान एमआरआय सुचवते. त्यामुळे स्कॅन वाढले. ते वाचणारे अनुभवी डोळे त्या प्रमाणात वाढले नाहीत, आणि यंत्राची गरज इथूनच उभी राहिली.

‘पाय-काय’चं यंत्र तयार करण्याची रीत मला आवडली, कारण ती एका कंपनीच्या बंद खोलीतली नव्हती. नेदरलँड्समधल्या तीन केंद्रांचे ९,२०७ एमआरआय शिकवणीसाठी बाजूला काढले. त्यांतले १,५०० सगळ्या जगासाठी खुले केले आणि आवाहन केलं: बनवा यंत्र, पाठवा आमच्याकडे. ५० हून अधिक देशांतल्या ८०० हून अधिक लोकांनी नाव नोंदवलं. आलेल्या यंत्रांमधली सर्वोत्तम पाच निवडली, त्यांना संपूर्ण संचावर पुन्हा शिकवलं आणि पाचांची मतं एकत्र करून एक अंतिम यंत्र केलं. परीक्षेसाठी १,००० स्कॅन वेगळे ठेवले होते, नेदरलँड्स आणि नॉर्वेमधल्या चार केंद्रांचे. त्यात नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमचे स्कॅनही होते, आणि तिथला एकही स्कॅन शिकवणीत नव्हता. प्रत्येक केसचं खरं उत्तर बायोप्सी किंवा शस्त्रक्रियेतल्या तुकड्यांवरून आणि किमान ३ वर्षांच्या पाठपुराव्यावरून ठरवलं होतं. ‘कॅन्सर’ म्हणजे इथे गट २ किंवा त्यापुढचा.

यंत्राला मिळत होता रंगद्रव्याच्या इंजेक्शनाशिवायचा एमआरआय. एक प्रतिमा ग्रंथीची रचना दाखवणारी, टी-टू नावाची. दुसऱ्या प्रकारात पेशींमधल्या पाण्याच्या रेणूंना हलायला किती मोकळीक आहे ते दिसतं. कॅन्सरच्या पेशी दाटीवाटीने असतात, पाण्याला वाट मिळत नाही, म्हणून त्या नकाशावर ती जागा काळपट पडते. यंत्र प्रत्येक ठिपक्याला संशयाचा आकडा देतं आणि शेवटी पूर्ण केसला एक. इंजेक्शन वगळण्याबद्दल कुणाच्या मनात शंका असेल तर २०२५ मध्ये ‘प्राइम’ चाचणीचा निकाल आला आहे: ४९० पुरुषांमध्ये इंजेक्शनाशिवायच्या स्कॅनवरून महत्त्वाचा कॅन्सर २९.२ टक्के लोकांत सापडला, इंजेक्शनासह २९.६ टक्के. स्कॅन नीट निघाला असेल तर सुई टोचून फारसं काही वाढत नाही.

०.९१ या आकड्याचा अर्थ असा. एक पुरुष महत्त्वाचा कॅन्सर असलेला, एक नसलेला, अशी जोडी चिठ्ठी टाकून उचलली, तर यंत्र १०० पैकी ९१ वेळा कॅन्सरवाल्याला जास्त गुण देईल. रेडिओलॉजिस्टांचं हेच प्रमाण ८६ वेळा. ते २० देशांतल्या ४५ केंद्रांमधून आले होते, प्रोस्टेट एमआरआय वाचण्याचा त्यांचा मध्यम अनुभव ७ वर्षांचा होता आणि त्यांना १,००० पैकी ४०० स्कॅन दिले होते. ते पाय-रॅड्स ही नेहमीची १ ते ५ ची श्रेणी वापरत होते. ३ किंवा वर म्हणजे संशयित.

व्यवहारात हा फरक मोठा आहे. डॉक्टरांनी १०० पैकी सुमारे ८९ कॅन्सर पकडले, पण तेवढ्यासाठी कॅन्सर नसलेल्या १०० पैकी सुमारे ४२ जणांवर संशयाचा शिक्का बसला. यंत्राने तेवढेच कॅन्सर पकडताना हे खोटे इशारे ५०.४ टक्क्यांनी कमी केले, म्हणजे ४२ च्या जागी २१. गट १ चे निरुपद्रवी कॅन्सर उकरून काढण्याचं प्रमाणही २० टक्क्यांनी घटलं. बायोप्सी म्हणजे काय हे जो एकदा भोगून आलाय त्याला हे २१ लोक कोण ते सांगावं लागत नाही.

मग दुसरा निकाल. सगळ्या १,००० केसेसमध्ये त्या-त्या वेळी रुग्णालयात जे वाचन झालं होतं, ते नोंदींमधून काढलं. तिथे १०० पैकी ९६ कॅन्सर पकडले गेले होते आणि कॅन्सर नसलेल्यांपैकी ६९.० टक्क्यांना बरोबर मोकळं सोडलं होतं. यंत्राला तेवढीच ९६.१ टक्के पकड ठेवायला सांगितल्यावर त्याने ६८.९ टक्क्यांना मोकळं सोडलं. आकडे जवळजवळ जुळे आहेत. पण कमीपणा नसल्याचं सिद्ध करण्याचा निकष आधीच लिहून ठेवला होता, तो पूर्ण झाला नाही, आणि लेखकांनी ते सरळ सांगून टाकलं. निकाल हाती आल्यावर निकष सैल करण्याचा मोह किती असतो हे संशोधनात वावरलेल्यांना ठाऊक आहे. म्हणून या सरळपणाचं मला मोल वाटतं.

परीक्षेतला रेडिओलॉजिस्ट ५८ टक्क्यांना मोकळं सोडतो आणि रुग्णालयातला ६९ टक्क्यांना, तेही जास्त कॅन्सर पकडून. हे कसं? एक कारण हिशेबातलं आहे आणि ते लपवू नये. रुग्णालयात ज्याच्या स्कॅनवर संशय आला त्याचीच बायोप्सी सहसा होते, म्हणजे खरं उत्तर शोधायला कुठे जायचं हे त्याच वाचनाने ठरवलेलं असतं. त्यामुळे त्या वाचनाला थोडा आयता फायदा मिळतो. तीन वर्षांचा पाठपुरावा तो कमी करतो, पुसून टाकत नाही. शिवाय परीक्षेला बसलेल्या ६२ जणांमध्ये अनुभवाचा फरक होता.

पण दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. परीक्षेतल्या डॉक्टरासमोर एक परका माणूस, एमआरआयचं एक परकं मशीन आणि एकच स्कॅन होता. रुग्णालयातल्या डॉक्टराकडे फाइल होती: आधीचे पीएसए, आधीचे स्कॅन, आधीच्या बायोप्सीचा निकाल. आपल्या मशीनवर प्रतिमा कशी येते, कुठे फसवते, हे त्याला सवयीने माहीत होतं. अडलं तर बाजूच्या खोलीत विचारायला सहकारी होता, आठवड्याच्या बैठकीत युरोलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट होते. एका चेंडूवरून फलंदाजाचा फॉर्म ठरवायला सांगितल्यासारखी ती परीक्षा होती, आणि यंत्राचा सराव नेमका त्याच परीक्षेचा होता.

देखरेखीचा सगळा प्रश्न फाइलचा आहे. तिथे ‘कॅन्सर आहे का’ हे विचारायचंच नसतं. तो आहे, बायोप्सीने सांगितलंय. विचारायचं असतं, ‘गेल्या वेळेपेक्षा बदललाय का?’ यासाठी रेडिओलॉजिस्टांकडे ‘प्रिसाइज’ नावाची वेगळी श्रेणी आहे, तिच्या शिफारशी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. १ म्हणजे आधीचा संशयित भाग दिसेनासा झाला, २ म्हणजे लहान किंवा फिका झाला, ३ म्हणजे जैसे थे, ४ म्हणजे ठळकपणे वाढला, ५ म्हणजे रोगाची पायरीच बदलली. पाय-रॅड्सवर ४ असलेला माणूस प्रिसाइजवर ३ असू शकतो, आणि देखरेखीत त्याला घरी पाठवणं योग्य असू शकतं. ज्याला दर वेळी पहिल्यांदाच पाहतोय असं वाटतं, असं यंत्र त्या माणसाला दर वर्षी लाल दिवा दाखवत राहील. ‘पाय-काय’साठी रुग्ण निवडतानाच ज्यांच्यावर आधी उपचार झाले होते किंवा ज्यांना आधीच गट २ चा कॅन्सर सापडला होता, त्यांना बाहेर ठेवलं होतं. तो अभ्यास पहिल्या शोधासाठी होता, आणि देखरेखीतही हे यंत्र चालतं असा दावा त्याने केला नाही. दावा पुढे त्याचा दाखला देणारे करतात.

स्कॅनची मालिका वाचणारी यंत्रं अजून बाल्यावस्थेत आहेत. केंब्रिजच्या एका गटाने २०२३ मध्ये देखरेखीवरच्या रुग्णांचे लागोपाठचे एमआरआय घेऊन, काळाच्या क्रमाने येणारी माहिती लक्षात ठेवणाऱ्या प्रकारचं यंत्र शिकवलं. कुणाचा रोग पुढे सरकेल हे सांगण्यात ते तज्ज्ञाच्या प्रिसाइज वाचनाच्या तोडीचं निघालं. दिशा योग्य आहे. पण रुग्ण शंभराच्या आत होते आणि सगळे एकाच ठिकाणचे. त्यावर कुणाची बायोप्सी रद्द करायला मी तयार होणार नाही.

मग आज देखरेखीत यंत्राचा उपयोग काय? माझं उत्तर जरा नीरस आहे: ग्रंथी मोजायला. पीएसए वाढला तर तो कॅन्सरमुळे की वयानुसार फुगलेल्या ग्रंथीमुळे, हे कळण्यासाठी पीएसएला ग्रंथीच्या आकारमानाने भागतात. याला पीएसए घनता म्हणतात. ०.१५ च्या पुढे गेली की बहुतेक युरोलॉजिस्ट सावध होतात. आकारमान काढायची जुनी रीत म्हणजे लांबी, रुंदी, उंची मोजायची, गुणायची आणि ०.५२ ने पुन्हा गुणायचं. आता समजा पीएसए ६ आहे. दोन मापं ४.६ सेंटिमीटर आली, तिसरं एकाने ३.४ घेतलं. आकारमान ३७.४ मिलिलिटर, घनता ०.१६. दुसऱ्याने तेच माप ३.८ घेतलं. आकारमान ४१.८, घनता ०.१४. चार मिलिमीटरच्या फरकाने, तेही कडा नेमकी कुठे धरायची यावरून, एकाच्या अहवालात माणूस रेषेच्या अलीकडे आणि दुसऱ्याच्या अहवालात पलीकडे. ग्रंथीची कडा प्रत्येक कापावर आखून आकारमान काढणं हे यंत्राला चांगलं जमतं, आणि त्याचा खरा गुण असा की ते दर वेळी एकाच पद्धतीने आखतं. तुलना करायची असेल तेव्हा सातत्याला अचूकतेइतकीच किंमत असते. शिवाय आखलेली कडा डॉक्टर पडद्यावर पाहून लगेच तपासू शकतो. संशयाच्या आकड्याचं तसं नसतं.

दुसरा उपयोग स्कॅनचा दर्जा तपासण्याचा. मोठ्या आतड्याच्या टोकाला गॅस साचला असेल किंवा खुब्यात धातूचा सांधा बसवलेला असेल, तर पाण्याच्या हालचालीची प्रतिमा वेडीवाकडी होते. ग्रंथीची मागची बाजू गुदाशयाला चिकटून असते आणि बरेचसे कॅन्सर तिथेच होतात. अशी प्रतिमा वाचायला घेण्यापेक्षा ‘पुन्हा काढा’ म्हणणं बरं, आणि ते रुग्ण टेबलावर असतानाच सांगितलं गेलं तर त्याचा पुढचा हेलपाटा वाचतो. हे काम यंत्रावर सोपवायला मला संकोच वाटणार नाही.

हे यंत्र किंवा त्याचं भावंड मुंबई-पुण्यात आलं तर काय होईल, हा प्रश्न मराठी वाचकाला पडणारच. दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली, क्षयरोग. प्रोस्टेटचा क्षय, किंवा मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी बीसीजी (क्षयाची लस) दिल्यानंतर ग्रंथीत उठणाऱ्या गाठी, एमआरआयवर हुबेहूब कॅन्सरसारख्या दिसू शकतात. नेदरलँड्स-नॉर्वेत क्षय विरळ आहे, त्यामुळे तिथल्या ९,२०७ स्कॅनमध्ये असे नमुने फारसे असण्याची शक्यता नाही. इथला जुना रेडिओलॉजिस्ट ‘यांना कधी टीबी झाला होता का?’ असं विचारेल. यंत्र विचारणार नाही. म्हणून इथल्या स्कॅनवर, इथल्या बायोप्सीच्या निकालांशी ताडून तपासल्याशिवाय परदेशातला ०.९१ इथे लागू धरू नये.

दुसरी गोष्ट फाइलचीच. नायमेखनच्या रुग्णाचे जुने स्कॅन रुग्णालयाच्या संगणकात असतात. आपल्याकडे फाइल रुग्ण सांभाळतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत. पहिला एमआरआय एका सेंटरवर, पुढचा सूट मिळाली म्हणून दुसऱ्या सेंटरवर, एक १.५ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनवर, एक ३ टेस्लाच्या. पिशवीत फिल्म असते, टाइप केलेला अहवाल असतो, आणि सीडी मात्र ‘आता कुठे लागते’ म्हणून हरवलेली असते. फिल्मवरून तुलना अंदाजे होते. यंत्राला तर फिल्मचा काहीच उपयोग नाही, त्याला मूळ डिजिटल प्रतिमाच लागतात. देखरेखीवर असलेल्या माणसाने शक्यतो एकाच सेंटरवर, एकाच मशीनवर स्कॅन करावा, प्रत्येक वेळी मूळ प्रतिमा सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर मागून घ्याव्यात, त्यांची एक प्रत घरातल्या कुणाच्या तरी संगणकात ठेवावी, आणि नवा स्कॅन करायला जाताना जुना सोबत न्यावा. अहवालात ‘आधीच्या अमुक तारखेच्या स्कॅनशी तुलना केली’ हे वाक्य आहे का ते पाहावं. नसेल तर विचारावं.

आणि एखाद्या सेंटरने ‘आमच्याकडे एआय आहे’ असं सांगितलं, तर युरोलॉजिस्टला विचारण्यासारखा एकच प्रश्न आहे: हे यंत्र माझा जुना स्कॅन बघतं का, की फक्त आजचा?